राखून ठेवलेली गाडी

झेंडूचा हार, नारळ आणि लिंबं घेऊन रेवतीबाई जुन्या गाड्यांच्या दुकानात शिरल्या, पण त्यांची निळी गाडी जागेवर नव्हती.

"काल विकली, बाई," बागवानभाई ओशाळून म्हणाले. "पितृपक्ष म्हणून तुम्ही विसारसुद्धा दिला नाहीत. किती थांबणार?"

"सर्वपित्री अमावास्येला गाडी घेणारा हा कोण दिवटा?"

तेवढ्यात तीच गाडी फाटकातून आत आली. दुसरी किल्ली न्यायला आलेला तरुण खाली उतरला. मागच्या सीटवर त्याची बायको अवघडून बसली होती. दिवस भरत आले होते.

"काल अमावास्या होती, ठाऊक नव्हतं?" बाईंनी दरडावलं.

"होतं की. पण आमच्या वाडीपासून दवाखाना लांब, हिला कधी न्यावं लागेल सांगता येत नाही. आई तर गाडीला कुंकूही लावेना. अवसेची गाडी म्हणते."

बाईंनी गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळ त्याच्या हातात दिला.

"फोड. आज घटस्थापना आहे. आईला सांग, ही गाडी आजच्याच मुहूर्तासाठी राखून ठेवली होती."