मागच्या सीटची शिवण

जुनी अमेरिकन गाडी कारखान्यातून नेमकी कशी निघाली, हे कानविंदे कागद वाचून सांगत. तिकडचे कामगार जोडणीचा कागद सीटच्या स्प्रिंगांत खोचून ठेवत. इंजिनापासून रंगापर्यंत सगळं त्यात आकड्यांत असे. खरं सांगताना आजवर त्यांनी कुणा मालकाची भीड बाळगली नव्हती.

“आठ सिलिंडर, आणि रंग कारखान्यातलाच लाल!” कोल्हापूरच्या रणनवऱ्यांनी आपल्या गाडीबद्दल तिसऱ्यांदा ऐकवलं आणि बक्षिसांचे फोटो आणायला ते माडीवर गेले.

कानविंद्यांनी मागची सीट उलटी केली. खालच्या कापडाचा एक कोपरा हातानं शिवलेला होता. तो उसवल्यावर कागद निघाला. त्यावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळत होता. इंजिन सहा सिलिंडरचं, रंग फिकट हिरवा. आताचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि लाल रंग कुणीतरी मागाहून चढवलेले.

“मिळाला वाटतं.” रणनवरे वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. “लग्नानंतर गादी दुरुस्त करताना मलाही मिळाला होता. अर्थ लावायला सहा महिने लागले.”

“त्यांना सांगितलं नाहीत?”

“ते या गाडीतून उतरतात कसे, बघितलंत ना?”

कानविंद्यांनी सकाळीच बघितलं होतं: छाती काढून, राजा रथातून उतरावा तसे. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. त्यांनी कागद होता तिथे सरकवला.

“कागद नाही निघाला,” ते रणनवऱ्यांना म्हणाले. “कामगार कधीकधी विसरत.”

“अरेरे! एवढा मोठा पुरावा गेला,” रणनवरे हळहळले.

वहिनींनी चहाचा ट्रे पुढे केला. बिस्किटांच्या बशीशेजारी सुई ओवून तयार होती.