एकशे बारावी योजना

सलग चार वर्षं अजिंक्य असलेल्या ‘गरुड’ संघाला हरवायची एकशे बारावी योजना प्रशिक्षक बेंद्रे सरांनी बास्केटबॉल लीगच्या यंत्रात भरली. यंत्र ‘हरणार’ म्हणालं की सामना खेळवतच नसत; गुण परस्पर गरुडला जात. या वेळी सरांनी एवढंच लिहिलं होतं, की गरुडच्या उंच मुलींना शेवटपर्यंत पळवून दमवायचं.

पडद्यावर उमटलं, ‘सांगता येत नाही. सामना खेळावा.’

चार वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. सरांनी आपल्या संघाची कर्णधार ऋजुता हिला फोन लावला.

त्यांनी तिला निकाल वाचून दाखवला.

“सर, यंत्राने आमचा दम कधी मोजलाय?”

“तुमच्या शेवटच्या सामन्यात. चार वर्षांपूर्वी.”

“आता दुसऱ्या मजल्यावर चढले तरी मला बसावं लागतं, सर.”