झोपाळा टांगायचा कुठे

तिसऱ्या कंपनीचे शेडगे आले आणि टेप न काढता सरळ आमच्या झोपाळ्यावर बसले. बायको कपाळाला आठ्या घालून दारातच उभी राहिली.

आम्ही ऑकलंडला लेकीकडे कायमचे राहायला निघालो होतो. सामान कोणाकडून पाठवायचं हे ठरवायला मी वहीत तक्ता केला होता: विमा, लागणारे दिवस, लोकांचे अनुभव. पहिल्या कंपनीच्या माणसानं झोपाळ्याची लांबी-रुंदी लिहून घेतली. त्याला हिनं पाणी दिलं. दुसऱ्यानं फोटो काढले. त्याला चहा मिळाला.

शेडग्यांनी दोन झोके घेतले. "काकू, हा टांगायला तिकडे छताला कड्या आहेत का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी त्यावर बसतोय, पण हे दोघांनाही सुचलं नव्हतं. मी लेकीला फोन लावला.

"बाबा, इथलं छत म्हणजे नुसता पुठ्ठा आहे," ती म्हणाली.

हिचा चेहरा उतरला.

"मग लोखंडी स्टँड करून घ्या, सुटा होणारा," शेडगे म्हणाले. "झोपाळ्याबरोबरच बांधून देतो. दोघांचं वजन धरू ना?"

"तिघांचं धरा. नात आहे तिकडे," असं म्हणून ही आत गेली.

मी वही उघडून विम्याचं विचारणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून नारळ फोडल्याचा आवाज आला. म्हणजे पोहे, आणि वर ओलं खोबरं.

मी वही मिटली. "शेडगे, सामान बांधायला कधी येताय?"