पॅरिसचं मत

युरोव्हिजनच्या गाण्याच्या स्पर्धेत आपल्या देशाला आपल्याच देशातून मत देता येत नाही; बाहेर असाल तरच देता येतं. यंदा स्पर्धा घरच्याच अंगणात, लिस्बनमध्ये होती आणि पोर्तुगालचं गाणं मफाल्दा गायली होती. मतदान संपताच तिनं पॅरिसला नोकरीवर असलेल्या नवऱ्याला फोन लावला.

"रजा मिळाली असती ना, तर पहिल्या रांगेत बसून शिट्ट्या मारल्या असत्या गं," नुनो हळहळला.

"ते जाऊ दे. तिथून मत तरी दिलंस का?"

"अगं, दहा वेळा प्रयत्न केला! दर वेळी आपलं एकच, 'स्वतःच्या देशाला मत देता येणार नाही.'"



मफाल्दानं शांतपणे विचारलं, "पोर्तुगालमध्ये कुणाच्या घरी आहेस, नुनो?"