चौथं उत्तर

छापखान्यातलं जुनं नेटवर्क कार्ड पुन्हा बंद पडलं, म्हणून मालकांनी मला बोलावलं. बारा वर्षांपूर्वी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, मीच बसवला होता. सेटिंगमध्ये मी एक आकडा चुकीचा टाकला, आठवडाभर काम ठप्प झालं आणि मालकांनी सगळ्यांसमोर मास्तरांना फैलावर घेतलं. मला हे काम हाताला धरून शिकवलं ते मास्तरांनीच. मी शेजारी मान खाली घालून उभी होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, डबा उचलला आणि ते कायमचे निघून गेले.

आज मी आकडा नीट टाकला. कार्डावरचा हिरवा दिवा लागला. मग नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांना पिंग करून, म्हणजे हाक मारून, पाहिलं. छापखान्यात आणखी तीनच कॉम्प्युटर होते. उत्तरं चार आली. चौथा पत्ता मास्तरांच्या कोपऱ्यातल्या टेबलाचा होता.

"त्या कोपऱ्यात कोण बसतं हो?" मी बाइंडिंगच्या काकूंना विचारलं.

"कोणी नाही गं. मास्तर गेल्या वर्षी वारले ना. त्यांचा कॉम्प्युटर तर कधीच भंगारात गेला."

मी कार्डाची केबल उपटली. तीन उत्तरं थांबली. चौथं येतच राहिलं, एकामागून एक.

"काकू," मी कशीबशी म्हणाले, "तेव्हा चूक माझी होती. मास्तरांची नव्हती."

कबुलीनंतरही पडद्यावरची उत्तरं थांबली नाहीत. ती दुप्पट वेगाने येऊ लागली.