छर्‍यांची डबी

धाकट्या भावाने वर्षभर खपून बनवलेली मॅगझिनवाली एअर रायफल पारखायला क्लबने थोरल्यालाच बोलावलं; जुना प्रशिक्षक पडला ना! "दादा, आधी मॅगझिनमध्ये छर्रे भर." धाकट्याने डबी पुढे केली. "मला शिकवतोस?" डबी खिशात कोंबून दादाने नेम धरला. जन्मभर चिमटीने एकेक छर्रा भरणारी बोटं नव्या खटक्यावरच भाळली. फट, फट, फट. टार्गेट कोरं ते कोरंच. कुणीतरी हसलं. दादाचा पारा चढला. "नळीच वाकडी! भंगारात घाला!" अध्यक्षांनी खरेदी रद्द केली. धाकट्याने मॅगझिन काढून उजेडाकडे धरलं. प्रत्येक भोकातून दिवा दिसत होता. त्याने दादाकडे पाहिलं, मॅगझिन मुठीत झाकलं. "दादाचं बरोबर आहे. नळीच चुकली माझी." दादाचा हात खिशाकडे गेला. बाहेर पडताना खिशातली भरलेली डबी वाजू नये म्हणून त्याने ती घट्ट धरली.