आबांची शर्यतीची फोर्ड

"आत्या, आता हट्ट सोड. सगळी गाडी आबांच्या वेळी होती तशी झाली, पण हे इंजिन मेलंय. उद्या डिझेलचं येतंय," भाचा रणधीर म्हणाला.

हौसाआत्याने बॉनेटवरून हात फिरवला. तिच्या वडिलांनी, आबांनी, शर्यतीसाठी टप कापून हलकी केलेली ही फोर्ड मिस्त्रींनी दोन वर्षं खपून पुन्हा तशीच लालभडक उभी केली होती. परकं इंजिन घातल्यावर आबांचं तिच्यात राहणार काय?

"शेवटचं एकदा हँडल मारा, मिस्त्री," ती म्हणाली.

इंजिन खोकलं, फाटकन बार निघाला आणि गप्प झालं.

"प्लगच्या वायरी कुठल्या क्रमाने लावल्यात?" आत्याने विचारलं.

"एक, तीन, चार, दोन. सगळ्या गाड्यांना तशाच असतात, आत्याबाई."

आत्या काठी टेकत पुढे आली. सात वर्षांची असल्यापासून आबांच्या हातात या वायरी तीच देत असे. त्याच क्रमाने शाळेत आकडे म्हटले म्हणून तिने गुरुजींच्या छड्याही खाल्ल्या होत्या.

"हिला एक, दोन, चार, तीन. लावा."

"तुम्ही म्हणताय म्हणून लावतो," मिस्त्री हसत म्हणाले.

पुन्हा हँडल मारलं आणि इंजिन असं गरजलं, की मिस्त्रीच दोन पावलं मागे सरले. रणधीरने घाईघाईने डिझेल इंजिनवाल्याला फोन लावला. आत्याने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"तुमचं इंजिन तुमच्याकडेच ठेवा," ती ओरडली. "आमचं ऐकू येतंय ना?"